रिकामं मशीन

या हो, असे जवळ सरका. भिंतीला टेकून मागे बसलात ते तुम्हीही पुढे या. आजची गोष्ट मागच्या रांगेतल्या माणसाचीच आहे, ती मागच्यांनाच ऐकू आली नाही तर काय उपयोग? कीर्तनात बुवा पुढे उभे असतात. हार त्यांच्या गळ्यात, नमस्कार त्यांच्या पायांना. पण बुवांचा दम संपला की धृपद उचलून धरतात ते मागे टाळ घेऊन उभे असलेले. त्यांनी एकदा तोंड मिटून घ्यावं आणि मग बुवांची फजिती बघावी! तर अशाच एका पुढे उभ्या राहिलेल्या माणसाची आणि त्याच्या मागे धृपद धरणाऱ्या माउलीची कथा सांगतो. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. तेव्हा नाही म्हणू नका.

त्या माणसाला घरात धाकटा म्हणत. पुढे त्याची मोठी कंपनी झाली, दारात गाडी आली, माणसं त्याला साहेब म्हणू लागली. आपण आपलं धाकटाच म्हणू, कारण ही गोष्ट घरातलीच आहे.

धाकटा परमुलखात उतरला तेव्हा त्याच्याकडे एक बॅग होती आणि मोठ्या भावाचा पत्ता. दादा तिथे आधीच जाऊन स्थिरावला होता. बसच्या डेपोत मेकॅनिक. आवाज असा खणखणीत की इंजिन चालू असलं तरी पलीकडच्या बसखाली खड्ड्यात उतरलेल्या माणसाला त्याचा विनोद ऐकू जायचा. म्हणून डेपोत त्याचं नावच भोंगा. मन निर्मळ, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. सकाळी घरात भाजी करपली की दुपारपर्यंत अख्ख्या डेपोला तिचा वास लागलेला असायचा. वहिनी मायदेशी लहान मुलांच्या शाळेत बाई होत्या. इथे त्यांचा दाखला कुणी मानेना, म्हणून घरीच होत्या. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू. देवानं जोडी जमवताना आवाज एकालाच देऊन टाकला, असं दादाच म्हणायचा.

घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुण्याची एक चिंचोळी खोली. तिच्यात वॉशिंग मशीन, वर एक फळी आणि हात बाहेर काढता येईल एवढी खिडकी.

धाकटा एका कचेरीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायचा. एके दिवशी दादा घरी आला तो चेहरा पांढराफटक. खिशात सरकारी कागद. भाषा अशी की तोंडात खडे धरून कुणी बोलतंय.

"संपलं," दादा म्हणाला. "घर खाली करायला सांगतायत. सामान बांधा."

"आधी पाणी प्या," वहिनी म्हणाल्या. पेला त्याच्या हातात दिला आणि कागद आपल्या हातात घेतला. एकेक ओळ बोटानं वाचत गेल्या. मग म्हणाल्या, "रस्त्याखालचा पाइप जुना झालाय, तो बदलणार आहेत. आपल्याला नाही बदलणार."

दादा असा हसला की वरच्या मजल्यावरच्यांनी जमिनीवर काठी आपटली.

धाकट्याच्या डोक्यात तिथेच ठिणगी पडली. या शहरात किती खिशांत असे कागद असतील? किती जणांच्या घशाखाली घास उतरत नसेल? आपण एक यंत्र करू. मोबाइलवर कागदाचा फोटो पाठवा, यंत्र वाचेल आणि साध्या बोलीत उत्तर देईल. त्यानं नोकरी सोडली. दादा म्हणाला, "सोड रे. भाकर मी आणतो, तू डोकं चालव."

डोकं चालत होतं, यंत्र चालत नव्हतं. अक्षरं ओळखायचं, अर्थ लावायला गेलं की घोटाळा. एका म्हाताऱ्या गृहस्थांना कचऱ्याच्या डब्याची नोटीस आली होती; यंत्रानं त्यांना कळवलं की आपली विल्हेवाट मंगळवारी लावली जाईल. ते बिचारे मंगळवारी लेकीकडे राहायला गेले.

आता या धंद्यात एक रीत आहे. यंत्र तयार व्हायला वेळ असला की पडद्यामागे माणूस बसवतात. लोकांना वाटतं यंत्र बोलतंय. बोलत असतो माणूस. लोकांना ही वस्तू हवी आहे का, एवढं अजमावायचं आणि मग पडदा बाजूला करायचा. रीत वाईट नाही. पडदा बाजूला करायचा, एवढं मात्र विसरायचं नसतं.

धाकट्यानं वहिनींना विचारलं. वहिनी लाजल्या, मग हो म्हणाल्या. कपड्यांच्या खोलीत फळीवर लॅपटॉप ठेवला, खाली स्टूल. फोटो यायचे, वहिनी वाचायच्या आणि उत्तर टाइप करायच्या. कुणाला वीज कंपनीचा कागद, कुणाला मुलीच्या शाळेचा, कुणाला इस्पितळाचा. प्रत्येक उत्तराची सुरुवात तीच: "घाबरू नका. आधी पाणी प्या. मग एकेक ओळ बघू." लोक उलट लिहायचे, "प्यायलो. आता सांगा."

"वहिनी, एक करायचं," धाकटा म्हणाला होता. "दादाला नको कळायला. उद्या डेपोभर होईल."

"यांच्यापासून मी कधी काही लपवलं नाही हो, भाऊजी."

"थोडेच दिवस. यंत्र तयार झालं की मीच सांगतो ना दादाला. माझ्यावर सोडा."

वहिनींनी सोडलं.

भिंती पातळ होत्या. पुढच्या खोलीत धाकटा लोकांना यंत्र दाखवायचा आणि मागून कीबोर्डची टकटक ऐकू यायची. मग त्यानंच तोड काढली: वहिनींनी काम करताना वॉशिंग मशीन चालू ठेवायचं. त्या घुरघुरीत सगळं बुडून जायचं. पण रोज एवढे कपडे आणायचे कुठून? मशीन रिकामंच फिरवायचं.

दादा एकदा दुपारीच घरी आला. मशीन फिरत होतं. बायकोला हातभार लावावा म्हणून, तो बिचारा प्रेमानंच, ते थांबल्यावर कपडे वाळत टाकायला गेला. झाकण उघडलं, आत हात घातला. काही नाही. एक रुमालसुद्धा नाही.

"अगं, हे काय? रिकामं मशीन फिरवतेस?"

वहिनी स्टुलावरून उठल्या होत्या, लॅपटॉप टॉवेलखाली. दारात धाकटा उभा. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं खिडकीकडे पाहिलं.

"विसरले," वहिनी म्हणाल्या.

झालं! दुसऱ्या दिवशी डेपोत भोंगा वाजला. "आमच्या घरी दोन यंत्रं! एक धाकट्याचं, ते न शिकवता शिकतं. एक बायकोचं, ते कपडे न घालता फिरतं!" डेपोतली माणसं हसून हसून पान्यांवर टेकली. पुढे ती थट्टा तिथल्या बोलण्यातच रुजली. कुणी नुसताच हात हलवत उभा राहिला, की टायरचं काम बघणारे काका ओरडायचे, "ए रिकामं मशीन! कामाला लाग!" वहिनी कधी डबा द्यायला डेपोत गेल्या तर माणसं नमस्कार करायची आणि ओठ दाबून एकमेकांकडे बघायची. एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. वहिनी डबा ठेवून परत यायच्या.

मग थैलीवाल्या बाई आल्या. नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या. बारीक चष्मा, त्याहून बारीक नजर. पर्समधून स्वतःचाच एक कागद काढला, फोटो पाठवला. मागे मशीन घुरघुरत होतं. उत्तर आलं: घाबरू नका, आधी पाणी प्या. बाई चष्मा काढून स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"हे पाण्याचं कुणी शिकवलं याला?"

खरं एका श्वासावर होतं. दार ढकललं असतं तरी पुरलं असतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"कुणी नाही. हे ते स्वतः शिकलं."

मशीन नेमकं त्याच वेळी थांबलं. त्या शांततेत दाराआडून एकही आवाज आला नाही. वहिनींनी बोटंसुद्धा उचलून धरली होती.

त्या रात्री जेवताना दादानं पहिल्यांदा यंत्राचं उत्तर वाचलं. घास हातात राहिला. "अगं, हे तर तुझ्यासारखंच बोलतंय!"

वहिनी वाढत होत्या. पळी भांड्यातच थांबली. त्यांनी दिराकडे पाहिलं. त्या नजरेत रागाचा लवलेश नव्हता, वाट पाहणं होतं. आता सांगतील भाऊजी. कबूल केलंय त्यांनी.

धाकट्यानं ताटाकडे पाहिलं. "नाही रे दादा. ते स्वतःच शिकलंय."

"कमाल आहे पोराची!" दादानं त्याच्या पाठीत थाप मारली. "मग त्याला म्हणावं, आमच्या बाईंनाही शिकव जरा. आधी कपडे घालायचे, मग मशीन फिरवायचं!"

धाकटा हसला. दादा हसला. सगळ्यांत शेवटी वहिनी हसल्या आणि पळी उचलून वाढू लागल्या.

यंत्र खरंच तयार झालं. वहिनींनी लिहिलेली सगळी उत्तरं त्याला चारली, आणि लेकरू जसं आईचं ऐकून बोलायला लागतं तसं ते बोलायला लागलं. धाकटा एका सकाळी आनंदानं म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही आराम करा." वहिनींनी लॅपटॉप पुसून त्याच्या हातात दिला, स्टूल उचलून स्वयंपाकघरात ठेवलं. मशीन त्या दिवसापासून कपडे असतील तेव्हाच फिरू लागलं. "सुधारली हो आमची बाई," दादानं डेपोत जाहीर केलं.

दादाला सांगायचं राहिलं. आधी कचेरीची जागा बदलणं आलं, मग माणसं नेमणं, मग दुसऱ्या शहरातली शाखा. दर खेपेला धाकटा ठरवून जायचा, आणि दादा दारातच मिठी मारून शेजाऱ्याला हाका मारायचा, "या, या, आमचे साहेब आलेत बघा!" त्या मिठीत बोलायचं कसं? आज नको. पुढच्या वेळी.

एका सकाळी दादा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. पुढची वेळ संपली.

डेपोतली माणसं भेटायला आली. घरात नुसतं रडू साठलेलं. वातावरण हलकं करावं म्हणून टायरवाले काका डोळे पुसत म्हणाले, "काय हसवायचा हो! ते रिकाम्या मशीनचं सांगायचा तेव्हा तर..." आणि रडता रडता सगळे हसले. वहिनींनी मान खाली घातली. धाकटा शेजारीच बसला होता. भाऊ नुकताच गेलेला, आणि तेव्हाही त्यानं सगळ्यांबरोबर डोळे पुसले, खरं सांगितलं नाही.

तरी माणूस कसा असतो बघा. वर्ष सरलं, आणि भरल्या सभागृहात त्याला मानाची शाल पांघरली. कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला, पाण्याचं कुणी शिकवलं? सवयीनं उत्तर आलं, ते स्वतः शिकलं. टाळ्या झाल्या. शाल खांद्यावर ओली गोधडी टाकावी तशी जड लागली.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन.

"भाऊजी, कामात नाही ना?"

"नाही वहिनी. बोला ना."

"यांच्या पेन्शनचा कागद आला. मला काही सुधरेना. अक्षरंच दिसेनात डोळ्यांसमोर. म्हटलं, तुमच्या यंत्राला विचारावं." पलीकडे कागद सळसळला. "त्यानं काय सांगितलं माहीत आहे? घाबरू नका, आधी पाणी प्या."

धाकट्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"आणि मी उठले हो, भाऊजी. खरंच उठून पाणी प्यायले. मग मला हसू आलं. म्हटलं, आता यांना सांगते. म्हणून हाक मारायला वळले..."

धाकट्यानं गाडीची किल्ली उचलली.

वहिनी ओट्याशी होत्या. धाकटा त्याच स्टुलावर बसला. दुसरी खुर्ची दादाची होती. त्यानं वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, ते भडाभडा बोलला. पुन्हा सभा भरवतो, सगळ्यांसमोर सांगतो. कंपनीत तुमचा वाटा लिहून देतो. दारावर तुमचं नाव लावतो.

वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या सभेत मला कोण ओळखतं, भाऊजी?"

"आता ओळखतील ना!"

"तिथे माझं काय गेलं होतं, की तिथून परत मिळेल?" त्यांनी हात पुसले. "तिथे तुम्ही खरं सांगितलंत तर तुम्हालाच टाळ्या पडतील. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, म्हणतील. तुम्ही हुशार आहात. तुम्हाला हे कळत नाही असं नाही."

धाकट्याला कळत होतं. वाटेत गाडी चालवताना त्या टाळ्या त्याला अंधुक ऐकूही आल्या होत्या.

"मग मी काय करू, वहिनी?"

"डेपोत जाऊन सांगा."

"डेपोत?"

"हे जिथे बसून हसायचे, तिथे. त्यांच्या त्या बाकावर." आवाज अजूनही हळूच होता. "मला लोकांचं काही नाही हो. पण हे गेले ते बायको रिकामं मशीन फिरवते असं समजून गेले. त्यांच्या मनातून ते आता कुणाला काढता यायचं नाही. निदान त्यांच्या माणसांच्या मनातून तरी काढा."

धाकटा उठला खरा, पण दाराशीच थांबला. थैलीवाल्या बाईंसमोर त्याची भीड कधीच मोडली होती, मोठमोठ्या लोकांना तो डोळ्याला डोळा देऊन बोलायचा. डेपो वेगळा. तिथे तो साहेब नव्हता, भोंग्याचा भाऊ होता. दादानं तिथे त्याच्या नावाचा ढोल वाजवला होता. तो आपल्याच हातानं फोडायचा होता.

जेवणाच्या सुट्टीत तो पोचला. लांब टेबल, उघडे डबे, तेलकट हात. टायरवाले काका ओरडले, "अरे, आपला साहेब! सरका रे, जागा द्या. भोंग्याच्या जागेवर बस, तुझाच हक्क आहे."

"नको काका. उभाच राहतो."

आणि उभ्यानं त्यानं सांगितलं. खोली, स्टूल, टकटक, मशीन. सांगताना मधेच कुणीतरी 'रिकामं मशीन' कानावर पडताच सवयीनं फिस्सकन हसलं आणि स्वतःच दचकून गप्प झालं. धाकटा थांबला नाही. ताटाकडे बघून दादाशी कसं खोटं बोललो, तेही सांगितलं.

"म्हणजे भोंग्याला..." काकांनी डब्याचं झाकण हातात घेतलं होतं, ते लावायचं विसरले. "त्याला कळलंच नाही?"

"नाही."

"आम्हाला सांगायला तोंड आहे तुला. त्याला सांगायला नव्हतं?"

जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं धाकट्याला वाटत होतं. जमीन काही फाटत नसते.

"माझ्या मुलाच्या इस्पितळाचा कागद," कोपऱ्यातला एक ड्रायव्हर हळूच म्हणाला, "तेव्हा यंत्रानं मला पाणी प्यायला लावलं होतं. त्या वहिनी होत्या?"

"हो."

"आणि मी इथे बसून त्यांना हसायचो."

काकांनी डबा बाजूला सारला आणि पान्याला चिकटलेलं तेल पुसावं तसे दोन्ही हात पँटला घासून पुसले. "चला. सुट्टी संपायच्या आत जाऊन येऊ."

धाकटा दाराकडे वळला. "गाडी आणतो. मी पुढे होतो."

"नाही," काका म्हणाले. रागानं नाही, पण ठाम. "घर आम्हाला माहीत आहे. तू मागून ये."

आणि तो मागून गेला. रस्त्याच्या कडेनं डेपोची माणसं निळ्या कपड्यांत पुढे चाललेली, आणि सगळ्यांच्या शेवटी हा. जन्मात पहिल्यांदा त्याला पुढच्यांच्या पाठी दिसत होत्या. मागून चालणाऱ्याला आपलं तोंड लपवायची सोय असते, असं त्याला वाटायचं. चालताना कळलं की मागे कुणी नसलं तरी माणूस स्वतःला दिसतच राहतो.

वहिनींनी दार उघडलं. एवढी माणसं बघून गोंधळल्या. पिकल्या मिशांचे टायरवाले काका टोपी काढून उंबऱ्याशी वाकले.

"वहिनी, चुकलं आमचं. पोट धरून हसलो तुम्हाला."

"अहो, उठा, उठा. हे हसवायचेच तसे." वहिनी दारातून बाजूला झाल्या. "आत या सगळे. केवढं ऊन आहे! आधी पाणी प्या."

शब्द तोंडातून निघून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच लक्षात आलं. ड्रायव्हरनं तोंड फिरवून डोळ्यांना बाही लावली.

पेले फिरले. धाकटा सर्वांच्या मागे, कपड्यांच्या खोलीच्या दाराशी उभा होता. आत मशीन होतं, झाकण उघडं, रिकामं. वहिनींनी शेवटचा पेला त्याच्यापुढे केला. त्यानं तो घेतला, पण ओठाला लावला नाही.

"वहिनी, दादाला..."

"त्यांचं राहिलं ते राहिलंच, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते मला हसून घालवता येत नाही, तुम्हीही रडून घालवू नका. असू द्या जवळ. प्या ते पाणी."

तो प्यायला. पुढे सभेतही त्यानं सगळं सांगितलं आणि वहिनी म्हणाल्या होत्या तशाच टाळ्या पडल्या. तो टाळ्या संपायची वाट बघत मान खाली घालून उभा राहिला. पुन्हा ती शाल काही त्यानं पांघरली नाही.

आता माझं मागणं. कधी एखादा कागद हातात येईल, काळजात धस्स होईल, आणि कुणीतरी, माणूस म्हणा की यंत्र म्हणा, तुम्हाला सांगेल की घाबरू नका, आधी पाणी प्या. प्या अवश्य. पण पेला खाली ठेवण्याआधी, त्या चिंचोळ्या खोलीत घुरघुरत्या मशीनशेजारी स्टुलावर बसून, दिलेला शब्द पाळणाऱ्या त्या वहिनींची क्षणभर आठवण ठेवा. त्यांचं नाव मी तुम्हाला सांगितलं नाही. वहिनी एवढंच म्हणा, त्यांना पोचेल.